४६ चे ५६ कसे झाले?



कर्करोगाचे नाव घरात निघाले की माणसे आधी आवाज खाली करतात. शेजाऱ्यांना "पोटाचे दुखणे आहे" म्हणून सांगतात आणि आत चुलीपाशी दुसरीच चर्चा सुरू होते. कुणाच्या घराण्यातून आले? कुणाची नजर लागली? मागच्या जन्मीचे काही राहिले होते का? औषधाच्या चिठ्ठीपेक्षा या प्रश्नांवर जास्त वेळ जातो, आणि शेवटी सारा दोष बहुधा घरातल्या एखाद्या बाईच्या पदरात येऊन पडतो.

मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालेला, दिवसभर आकड्यांच्या वह्या तपासणारा कारकून आहे. दवाखान्याचे कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात ते मदतीचे अर्ज भरून घ्यायला. त्या कागदांत एखादी गोष्ट कळली नाही की मी डॉक्टरांना विचारतो, पुस्तके चाळतो आणि जे कळेल ते या सदरातून आपल्यापुढे ठेवतो. आज जे ठेवायचे आहे तो एक आकडा आहे. अशा रिपोर्टांत तो हल्ली वारंवार दिसतो आणि तो नीट न समजल्यामुळे घरे मोडायची वेळ येते. तो आकडा म्हणजे ४६.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली, २३ बापाकडून आलेली, मिळून ४६. एकेक गुणसूत्र म्हणजे खतावणीची एकेक वही समजा. या वह्यांत पेशीने काय बनवायचे, केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे, केव्हा मरायचे याच्या नोंदी आहेत. त्या नोंदींना जनुके म्हणतात. ज्या पेशीत केंद्रक आहे तिच्यात या ४६ वह्यांचा संच असायचाच, मग ती कातडीची असो, यकृताची असो वा मज्जेतली रक्त तयार करणारी असो. फक्त स्त्रीबीजात आणि शुक्रजंतूत निम्म्या, म्हणजे २३.

हा ४६ चा आकडा जगाला नीट कळायला १९५६ साल उजाडावे लागले. १९२३ साली थिओफिलस पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने मोजणी करून आकडा ४८ सांगितला होता. पुढे तीसेक वर्षे जो तो सूक्ष्मदर्शकात बघे आणि ४८ मोजून घेई. हे कसे होते ते कचेरीत बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको. वरच्या साहेबाने एकदा बेरीज मांडली की खालची सगळी टेबले तीच उतरवून घेतात. अडचण अशी की गुणसूत्रे एकमेकांवर गुंतून पडलेली असत, त्यामुळे मोजणे कठीण. १९५२ साली टेक्सासमध्ये टी. सी. सू याच्या हातात आलेल्या मिठाच्या पाण्यात चुकून साधे पाणी जास्त पडलेले होते. त्या पातळ पाण्यात पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रे सुटी सुटी पसरली. पुढे स्वीडनमधील लुंड येथे, इंडोनेशियात जन्मलेला जो हिन त्जियो आणि त्याचा सहकारी आल्बर्ट लेवान यांनी हीच युक्ती आणखी सुधारून वापरली आणि १९५५ च्या डिसेंबरात मोजले, तर पुन्हा पुन्हा ४६ च येऊ लागले. १९५६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसहून बातमी आली की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत ४७ गुणसूत्रे असतात, एकविसाव्या क्रमांकाचे एक जास्तीचे. या शोधासाठी पेशी वाढविण्याचे किचकट काम मार्त गोतिए या डॉक्टर बाईंनी केले होते. श्रेय मात्र मुख्यतः जेरोम लेजून यांच्या खात्यावर जमा झाले, आणि गोतिएबाईंना आपली बाजू जाहीरपणे मांडायला २००९ साल यावे लागले. असो.

येथे एक फरक पक्का ध्यानात घ्या, कारण सगळा घोटाळा येथेच होतो. डाउन सिंड्रोममध्ये जास्तीचे गुणसूत्र बहुधा गर्भ राहतानाच आलेले असते, म्हणून ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असते. कर्करोगात तसे नसते. माणूस ४६ चाच असतो. त्याच्या शरीरातल्या कुठल्या तरी एका पेशीचा हिशेब चुकतो आणि तिच्या पोटी आलेल्या पेशी तो चुकलेला हिशेब पुढे चालवतात. गाठीतली पेशी तपासली तर ५८ किंवा ७२ गुणसूत्रे, आणि त्याच माणसाच्या गालातली पेशी तपासली तर ४६.

मग हिशेब चुकतो कसा? आपल्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे तेथे विभाजनाचा कारखाना रात्रंदिवस तिन्ही पाळ्यांत चालू असतो. पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या ४६ वह्यांची प्रत्येकी एक नक्कल करते. मूळ आणि नक्कल एकमेकींना बांधलेल्याच ठेवते. मग पेशीत दोन टोके तयार होतात आणि त्या टोकांपासून बारीक धागे निघतात. ज्यांनी गिरणीत काम केले आहे त्यांना चाती आठवेल. मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळती, तशीच ही धाग्यांची रचना दिसते. प्रत्येक जोडीला एका बाजूचा धागा एका टोकाकडून आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या टोकाकडून लागतो. सगळ्या जोड्या लागल्या की बंध तुटतात, एक प्रत इकडे, एक तिकडे, आणि दोन्हीकडे ४६-४६.

यात तपासनीसही असतो. एखादी जोडी जरी धाग्याला लागायची राहिली असेल तरी ती "थांबा" असा निरोप पाठवते आणि तोवर विभाजन पुढे सरकत नाही. आमच्याकडे एका व्हाउचरचा ताळा जमला नाही तर महिनाअखेरीचे खाते बंद होत नाही, तोच प्रकार. हा तपासनीस चालवणारी जनुके १९९१ मध्ये यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वात, प्रथम सापडली. तीच माणसातही आहेत.

परंतु या सगळ्याची चाहूल त्याच्या कितीतरी आधी एका माणसाला लागली होती. त्याचे नाव थिओडोर बोव्हेरी. जर्मनीतल्या वुर्झबुर्गचा प्राध्यापक. इटलीतल्या नेपल्सच्या किनाऱ्यावर बसून तो सी-अर्चिन नावाच्या, अंगभर काटे असलेल्या छोट्या समुद्री जिवाच्या अंड्यांवर प्रयोग करी. त्याची पत्नी मार्सेला स्वतः जीवशास्त्रज्ञ होती आणि कामात त्याच्याबरोबर असे. एका अंड्यात एकाऐवजी दोन शुक्रजंतू शिरले तर काय होते हे त्याने पाहिले. अशा अंड्यात दोनाऐवजी तीन किंवा चार टोके तयार होत. वह्या चार दिशांना ओढल्या जात. कुणाच्या वाट्याला काही वह्या दुप्पट येत, कुणाला काही मुळीच मिळत नसत. ते गर्भ वेडेवाकडे वाढत आणि बहुतेक मरत. १९०२ साली त्याने यावरून सांगितले की प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे आहे, आणि सगळी मिळाली तरच जीव नीट वाढतो. कर्करोगाच्या गाठीत अशी तीन-चार टोकांची विभाजने असतात हे डेव्हिड फॉन हान्सेमन याने १८९० मध्येच पाहिलेले होते. बोव्हेरीने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि १९१४ साली पुस्तक लिहिले : घातक गाठ एका पेशीपासून सुरू होते, आणि तिच्या गुणसूत्रांची वाटणी बिघडलेली असते. दुसऱ्या वर्षी तो वारला. मार्सेलाने १९२९ साली त्या पुस्तकाचे इंग्रजी केले. माणसाची गुणसूत्रे किती हेदेखील ठाऊक नसताना त्याने हे लिहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आज असे दिसून आले आहे की घट्ट गाठीच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्क्यांत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते. मग संख्या बिघडली म्हणून कर्करोग होतो, की कर्करोग झाला म्हणून संख्या बिघडते? यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले. दोन्हींत तथ्य आहे. संख्या चुकलेली पेशी खरे तर अशक्त होते. अँजेलिका आमोन या शास्त्रज्ञ बाईंनी २००७ साली यीस्टवर दाखवून दिले की एक जरी गुणसूत्र जास्तीचे आले तरी पेशी मंद वाढते, कारण तिला नको असलेला माल बनवत बसावे लागते. हिशेब चुकलेल्या बहुतेक पेशी अशाच मरून जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण लाखांत एखादीच्या वाट्याला नेमकी "वाढा" सांगणारी वही दुप्पट येते आणि "थांबा" सांगणारी हरवते. ती मरत नाही. तिचे तपासनीसही ढिले पडलेले असतील तर प्रत्येक विभाजनात नवा घोळ होतो, आणि गाठीत शंभर तऱ्हेच्या पेशी तयार होतात. मग औषधाने नव्वद मरतात आणि ज्या दहांना औषध लागू पडत नाही त्या उरून पुन्हा वाढतात. कर्करोग लवकर पकडा असे डॉक्टर कानीकपाळी ओरडतात त्याचे एक कारण हेही आहे.

अशा बिघडलेल्या आकड्याची जगातली सर्वांत प्रसिद्ध पेशी एका गरीब काळ्या बाईची आहे. तिचे नाव हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या कुटुंबातली, पाच लेकरांची आई. १९५१ साली रक्तस्राव होऊ लागला म्हणून ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. काळ्या रुग्णांचे वॉर्ड तेव्हा वेगळे असत. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. उपचाराच्या वेळी डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तिला न विचारता काढून प्रयोगशाळेत दिला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती वारली, वय ३१. तिच्या पेशी मात्र काचेच्या नळीत वाढतच राहिल्या. आजही जगभर त्या "हेला" या नावाने वाढवल्या जातात. पोलिओची लस तपासताना त्यांचा उपयोग झाला, आणखी किती शोधांत झाला त्याची गणती नाही. कंपन्यांनी त्या विकल्या. तिच्या मुलांना वीसेक वर्षे यातले काही ठाऊक नव्हते, आणि ती स्वतः दवाखान्याच्या खर्चाला महाग होती. २०२३ साली एका बड्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली.

हेन्रिएटा स्वतः ४६ ची होती. तिच्या गाठीतून आलेल्या पेशींत मात्र बहुधा ७६ ते ८० गुणसूत्रे असतात. तिच्या पेशीत एचपीव्ही नावाच्या विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार घुसलेला होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ हे विषाणू आहेत हे जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवले आणि त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. या विषाणूचे एक प्रथिन पेशीतला पहारेकरी मोडून टाकते, आणि दुसरे प्रथिन पेशीची टोके बनवणारी यंत्रणा बिघडवते. दोनाऐवजी तीन-चार टोके उभी राहतात. बोव्हेरीने सी-अर्चिनच्या अंड्यात जे पाहिले तेच आपल्या आयाबहिणींच्या पोटात घडते, फक्त ते व्हायला वर्षानुवर्षे लागतात.

आणि त्या वर्षांतच तपासणी करता येते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले आणि त्यांनी अॅसिटिक आम्लाचे, म्हणजे व्हिनेगरसारखे पाणी लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासले. दोष असेल तेथे पांढरा डाग उठतो. दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठी ज्या निम्म्या स्त्रियांना ही तपासणी मिळाली नाही, त्यांच्यावरून पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण उपाय स्वस्त आहे आणि खरा आहे हे त्यातून सिद्ध झाले. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लसही आहे. "मला काही त्रास नाही, मी कशाला जाऊ" असे म्हणणाऱ्या माताभगिनींना एवढेच सांगतो की तपासणी त्रास नसतानाच करायची असते.

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक जोडपे घरी आले. नवरा मार्केटात हमाली करतो, बायको दोन घरची धुणीभांडी. पाच वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघालेला. अर्ज भरायचा होता. नवऱ्याने पिशवीतून मज्जेचा रिपोर्ट काढला.

"जयभीम भाऊ. ह्यात बघा, माणसाला ४६ पाहिजेत म्हणे. आमच्या पोराला ५६ लिवलेत."

बायको दारातच बसून होती. आत यायला तयार नव्हती. सौ. ने पाणी दिले तेव्हा तिला हुंदका फुटला. "आत्याबाई म्हणत्यात, तुझ्या माहेरच्या रगतातच खोट हाय. बहिणीची सोयरीक चालली व्हती, ती बी थांबली. ह्यांनी पण दोन दिस बोलणं टाकलं."

मी तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी वेळ काढून जे समजावले ते असे. मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हा पांढऱ्या पेशींच्या एका जातीचा रक्तकर्करोग आहे, आणि तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसतो. त्यातल्या साधारण एक चतुर्थांश मुलांच्या रोगट पेशींत ५० हून जास्त गुणसूत्रे असतात. हे ५६ त्या रोगट पेशींचे आहेत, मुलाचे नाहीत. मूल ४६ चेच जन्मले. मज्जेतल्या एका पेशीच्या एका विभाजनात बहुधा एकदमच हा घोळ झाला.

नवऱ्याने विचारले, "मग कधी झालं ते?"

डॉक्टर म्हणाले की पुष्कळ मुलांत ही पहिली चूक बाळ पोटात असतानाच होते असे दिसून आले आहे. हे ऐकताच त्या माउलीचा चेहरा पुन्हा उतरला. तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडे वळून सांगितले, "ताई, पोटात असताना झाली म्हणजे तुमच्यामुळे झाली असे नाही. ती बाळाची पेशी होती, बाळाच्या अंगात दुभंगत होती. तुम्ही काय खाल्ले, कुठे गेलात, ग्रहणात काय केलेत, याचा तिच्याशी संबंध नाही. आणि ती चूक तुमच्या रक्तातून आलेली नाही, यांच्याही नाही." काही मोजक्या घराण्यांत कर्करोगाला वाट करून देणारे जनुक वारशाने येते हे खरे, पण तशी शंका असली तर डॉक्टर स्वतः विचारपूस करून वेगळी तपासणी सांगतात. या मुलाच्या बाबतीत तशी शंका नव्हती. मावशीच्या सोयरिकीशी या कागदाचा काडीइतकाही संबंध नव्हता.

सासूबाईंना हे समजावायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. रक्तात खोट आहे, हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी पाटलाच्या वाड्यासमोर उभे राहून ऐकलेले आहे. तेच वाक्य आपण आपल्या घरात, आपल्याच सुनेला ऐकवावे, याचा मला मनस्वी राग आला आणि तो मी त्यांच्यापुढे लपवला नाही. त्या बाई मनाने वाईट नाहीत. नातवाच्या भीतीने कुणावर तरी बोट ठेवायचे होते, ते सुनेवर ठेवले.

या आकड्यातली दुसरी बाजू डॉक्टरांनी सांगितली तेव्हा मीही चकित झालो. या रोगात ५० च्या वर आकडा असणे हे चांगले लक्षण धरतात! अशी मुले औषधाला चांगली दाद देतात. उलट रोगट पेशींत ४४ हून कमी गुणसूत्रे निघाली तर रोग चिवट समजतात आणि औषध जास्त कडक द्यावे लागते. म्हणजे ज्या आकड्यावरून घरात भांडण पेटले होते, तोच आकडा मुलाच्या बाजूने साक्ष देत होता.

असे का होते याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. या रोगात मेथोट्रेक्सेट नावाचे औषध देतात. ते पेशीत ज्या दारातून शिरते ते दार बनवणारे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. या मुलांच्या रोगट पेशींत एकविसाव्याच्या जास्तीच्या प्रती जवळजवळ नेहमी असतात. दारे जास्त, म्हणून औषधही आत जास्त जाते. आणि या औषधामागे एक भारतीय माणूस आहे. आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली या जातीची औषधे तयार झाली, आणि त्यांतले अॅमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडने फार्बर यांनी रक्तकर्करोगाच्या मुलांना देऊन १९४८ साली पहिले गुण दाखवले. त्याच साली सुब्बाराव वारले. त्यांचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचले नाही.

दुसरे औषध तर आपल्या चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात लावलेले असते. सदाफुली! १९५० नंतरच्या दशकात कॅनडामध्ये रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या पाल्याचा मधुमेहावर काही उपयोग होतो का ते पाहत होते. मधुमेहावर काही गुण आला नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम उतरल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जाहीर झाले, आणि त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टिन निघाले. मुलांच्या रक्तकर्करोगात आजही व्हिन्क्रिस्टिनची सुई देतात. ती काम करते ती नेमकी वर सांगितलेल्या चातीच्या धाग्यांवर. धागे बांधलेच जाऊ देत नाही. वह्यांची वाटणी अडकते, आणि भराभर दुभंगणारी रोगट पेशी मध्येच मरते.

हे वाचून कुणी सदाफुलीचा रस काढायला जाऊ नये, हात जोडून सांगतो. आपल्याकडे "सदाफुलीची पाने रोज चार" असा उपाय सांगणारे गल्लोगल्ली आहेत. शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून हे औषध ग्रॅमभर निघते, आणि त्या पाल्यात त्याच्याबरोबर इतर अनेक विषारी द्रव्ये असतात. मुलाला सुई देताना त्याचे वजन-उंची मोजून मिलिग्रॅमचा हिशेब करतात. घरच्या रसात किती गेले ते कोण मोजणार? आधीच औषध चालू असलेल्या मुलाला वरून हा रस पाजला तर पायांना मुंग्या, बद्धकोष्ठ, उलट्या आणि त्याहून वाईट काही होऊ शकते.

हा उपचार दोन-अडीच वर्षांचा असतो. घात होतो तो पहिल्या महिन्यानंतर. पहिल्या महिन्यातच बहुतेक मुले उठून खेळायला लागतात, तपासणीत रोगट पेशी दिसेनाशा होतात, आणि बाप म्हणतो, पोरगं बरं झालं, आता रोज बुडवून कशाला जायचे. सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या पेशी तोवर अंगात शिल्लक असतात. मध्येच सोडलेला रोग परत येतो आणि परत आलेला जास्त चिवट असतो. प्रगत देशांत या रोगातून सुमारे ९० टक्के मुले वाचतात. आपल्याकडचे प्रमाण कमी राहण्याच्या कारणांत अर्धवट सोडलेला उपचार हे एक मोठे कारण आहे. आणखी एक : औषध चालू असताना मुलाला ताप आला तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री असेल तर रात्रीच रुग्णालय गाठा. त्या दिवसांत अंगात जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी उरलेल्या नसतात.

पैशाबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्र" नावाचा माणूस टेबल मांडून बसलेला असतो, आधी त्याला गाठा. बाहेरगावाहून परळच्या टाटाला येणाऱ्यांसाठी दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी केली तर राहण्या-जेवण्याची सोय सांगतात. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर. रेशनकार्डावर मुलाचे नाव चढवलेले नसते, किंवा तेथे "बाळू" आणि आधारवर "बाळासाहेब" असते. दाखल होण्याची वेळ यायच्या आत दोन्ही कागद समोर ठेवून घरातल्या सगळ्यांची नावे एकदा ताडून पाहा. जुळत नसतील तर रविवारी सकाळी घेऊन या, दुरुस्तीचा अर्ज येथेच भरून देऊ.